चमत्काराची चौकशी करणाऱ्या मिस

मिस रोज सकाळी सहाला चर्चमध्ये असायच्या, शुक्रवारी मांसाला शिवायच्या नाहीत. पण कुणी चमत्काराची गोष्ट काढली की त्या पोलिसासारखी चौकशी करायच्या. "कुणी पाहिलं? तू पाहिलंस? मग कुणाकडून ऐकलंस?" तिसऱ्या प्रश्नाला सांगणारा विषय बदलायचा.

त्या मूळच्या जालन्याकडच्या, मराठी कॅथलिक. नवरा रेल्वेत, म्हणून काचीगुड्याला स्टेशनमागच्या दोन खोल्यांत राहायच्या. तिथेच मी सातवीपासून त्यांच्याकडे गणित शिकले. "उत्तर आधी ठरवून गणित सोडवू नकोस," असं म्हणून त्या माझी वही परत सरकवायच्या.

आमच्या घरी देवधर्माची चेष्टाच चाले. त्या जोरावर एकदा मी विचारलं, "गोव्यातल्या त्या संताचं शव शेकडो वर्षं कुजलं नाही म्हणे. खरं का, मिस?"

"मी बघून आले. सुकलंय, काळवंडलंय. पुस्तकात लिहितात तसं झोपल्यासारखं काही दिसत नाही."

"मग गेलात कशाला?"

"भेटायला. म्हातारं माणूस कसं दिसतं ते बघून का आपण भेटायला जातो?"

त्यांचा एकुलता एक रॉबिन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याने स्वतःचा जीव घेतला. का, ते कुणालाच कळलं नाही. फादरनी सगळे विधी नीट केले. गल्लीने मात्र सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेली एक बाई मिसना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "असल्या पोराला स्वर्ग नसतो." मिसनी तिला चहा दिला. त्यानंतर रॉबिनला माफी मिळावी म्हणून करायची प्रार्थना त्यांनी एक दिवसही चुकवली नाही.

चौदा वर्षांनी त्यांचे यजमान गेले. मी तोवर डॉक्टर झाले होते, शवविच्छेदन हेच माझं काम होतं. नात्यातलं जवळ कुणी नव्हतं, म्हणून मिसबरोबर कब्रस्तानात मीच गेले. तिथे एका घराला एकच कबर, म्हणून यजमानांसाठी रॉबिनचीच उघडायची होती. खणणारा माणूस वर आला, डोक्याचं फडकं काढून उभा राहिला. "अम्मा, बच्चा वैसाइच है."

मी वाकून पाहिलं. चेहरा पांढुरका, मेणासारखा झालेला. पण रॉबिनच होता.

दुपारपर्यंत मेणबत्त्या घेऊन माणसं जमली. कुणी आजारी मुलाचा रुमाल शवाला लागावा म्हणून खाली सोडला. स्वर्ग नसतो म्हणणारी बाई गुडघे टेकून रडत होती. "देवाने त्याला माफ केलं," ती म्हणाली.

मिसनी माझा दंड धरला आणि मला भिंतीआड नेलं. "तुझं रोजचं काम आहे हे. खरं सांग. चमत्कार आहे?"

उत्तर मला माहीत होतं. 'हो' म्हटल्याने त्यांना काय मिळेल, तेही दिसत होतं.

"नाही, मिस. ओल्या, चिकट मातीत हवा पोचली नाही, की अंगातल्या चरबीचं मेण होतं."

"कुणाचंही?"

"कुणाचंही."

"चोराचंही?"

"हो."

त्यांनी माझा दंड सोडला. मग गर्दीपुढे गेल्या. "घरां को जाओ. मेरा बच्चा मरा सो है. मिट्टी डालने दो."

संध्याकाळच्या आत बापलेकांवर माती पडली. त्या दिवसाबद्दल मिस पुढे तीन वर्षं माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा एका दुपारी आपणहून म्हणाल्या, "तू हो म्हणाली असतीस, तर मी मानलं असतं."

"मग मी बरं केलं की वाईट, मिस?"

त्यांनी कूस बदलली. मग म्हणाल्या, "प्रार्थना अजून चालूच ठेवावी लागते गं. मी गेल्यावर कोण करणार?"

तीन आठवड्यांनी त्या गेल्या. मला प्रार्थना येत नाही, आणि ती कुणाला ऐकू जाते असंही मला वाटत नाही. तरी रविवारी मी त्यांच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसते, आणि नुसतं रॉबिनचं नाव घेते.