एकही ओरखडा नाही

डॉक्टर लमई बुशरा म्हणजे इजिप्तमधल्या मिन्या शहरातल्या आमच्या गल्लीची शान. तंत्रशाळांसाठी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात त्याने एकतीस वर्षं काढली आणि सहायक प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाला. मी सातवीत शाळा सोडलेला, कारागिरांसाठी कचेऱ्यांत भांडणारा माणूस. पण असा शिकवणारा मी दुसरा पाहिला नाही.

"हाताने केल्याशिवाय शिकवायला उभं राहायचं नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. काटकोन तपासायच्या गुण्याखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत प्रत्येकाने लोखंडाचा ठोकळा कानशीने घासायचा. नशवा नावाच्या पोरीला त्याने तीनदा परत पाठवलं. तळहाताला फोड आले, पण ती रडली नाही.

संगणकावर चालणारं लेथ मशीन कॉलेजात यावं म्हणून त्याने सहा वर्षं अर्ज केले. दोन दिवस मीही त्याच्यासोबत साहेबाच्या दारात बसलो होतो. मशीन आलं. ताब्याच्या कागदावर लमईची सही झाली, म्हणजे काही मोडलं तर चौकशी त्याची. मोजमापाच्या एका डायलला तडा गेला म्हणून शेजारच्या खोलीत शिकवणाऱ्या साबिरची तीन वर्षं चौकशी चालली होती, बढती बुडाली ती वेगळीच. लमईची बढतीची फाइल नुकतीच कैरोला गेली होती. त्याने खोलीला कुलूप घातलं.

मी म्हणालो, "काय डॉक्टर, नवरी आणून माळ्यावर ठेवलीत?"

"बढती हातात पडू दे, रिफअत. मग उघडतो. तुला कागद कळत नाहीत."

"कागद नाही कळत, कुलूप कळतं. सरका, मी तोडतो."

"तोडशील तू, चौकशीला बसेन मी."

मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही.

दर गुरुवारी तो एकटाच आत जायचा, मशीन पुसायचा, तेल द्यायचा, पुन्हा कुलूप. वर्गात फळ्यावर त्याचं चित्र असं काढायचा की बटण दाबावंसं वाटे. अकरा तुकड्या ते चित्र वहीत उतरवून शिक्षक झाल्या. फाइल दोनदा परत आली. शोधनिबंध कमी पडले म्हणे. मग साठी आली. मशीनचा ताबा परत घेताना कारकुनाने कौतुकाने शेरा मारला, 'नव्यासारखं.'

महिन्याभराने तो माझ्या दारात उभा. अंगात इस्त्रीचा सदरा.

"मल्लवी गावात नशवा शिकवते त्या शाळेत तसंच मशीन आहे. चल, निदान एकदा चालताना बघू."

गेलो. नशवाला काय करू आणि काय नको असं झालं. बडीशेपेचा चहा पाजून तिने आम्हाला मशीनच्या खोलीकडे नेलं, कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं. मशीनवर कापडी खोळ होती.

"सर, चार वर्षं झाली. एकही ओरखडा नाही. दर गुरुवारी तेल देते, तुमच्यासारखंच."

शेजारच्या वर्गात पोरं फळ्यावरचं चित्र उतरवून घेत होती.

"चालू कर ना गं," लमई म्हणाला. "पाच मिनिटं."

तिने मान खाली घातली. "सर, माझ्या नावावर आहे. पुढच्या महिन्यात माझी फाइल जायची आहे."

लमई पुढे झाला. खोळीखालून मशीनवर हात फिरवला, बोटांना लागलेलं तेल रुमालाला पुसलं. 

परतीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, "पक्कं शिकली."