दोन स्पीकर आणि माझा उजवा कान

माझा मोठा भाऊ बोटीवर इंजिनिअर होता. वर्षातून एकदा तो साताऱ्याला घरी यायचा. एका खेपेला त्यानं आम्हाला रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर आणून दिला. स्पीकर मात्र आमचे इथलेच, सुताराकडून प्लायवूडची खोकी करून घेऊन त्यात बसवलेले. त्यातला एक तबल्याच्या प्रत्येक थापेला फरफर करायला लागला, तेव्हा दादा म्हणाला, "पुढच्या खेपेला चांगले आणतो. फक्त कसले हवेत ते आत्ता ठरवा. तिकडे गेल्यावर विचारत बसणार नाही."

आम्ही तेव्हा सांगलीत राहत होतो. नवरा साखर कारखान्यात इलेक्ट्रिकचं बघायचा आणि मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एक कॉट, लोखंडी कपाट, शिलाई मशीन आणि भिंतीला टेकवलेला माझा तंबोरा. पाहुणा आला की मशीन आत सरकवायचं आणि मगच चटई टाकायची.

नवऱ्याचं म्हणणं होतं की, आणायचेच तर मोठे आणावेत. कमरेएवढे उंच स्पीकर त्यानं कुठल्याशा मासिकात पाहिले होते आणि ते त्याच्या मनात बसले होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. दादाच म्हणाला, "पाचगणीला माझा एक मित्र आहे, शाळेत संगीत शिकवतो. त्याच्याकडे दोन्ही तऱ्हेचे आहेत. ऐका आणि मग भांडा."

एका रविवारी आम्ही तिघं पाचगणीला गेलो. मी माझी आवडती, एका गाणाऱ्या बाईंची ख्यालाची रेकॉर्ड बरोबर घेतली होती. मास्तरांच्या दिवाणखान्यात मोठे स्पीकर होते. त्यांचा आवाज भरदार होता, अंगावर येणारा. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, आता बोल, अशा नजरेनं. मग मास्तरांनी आम्हाला त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत नेलं. ती खोली आमच्या बाहेरच्या खोलीहून थोडी लहानच. तिथं उंच स्टुलांवर दोन छोटे स्पीकर होते, पेटीच्या भात्याएवढे म्हणा ना. मास्तरांनी मला दोन्ही स्पीकरच्या समोर मधोमध बसवलं आणि तीच रेकॉर्ड लावली.

मी डोळे मिटले. बाई समोर बसून गात होत्या. तबला त्यांच्या डाव्या हाताला, तंबोरा मागे. स्पीकर जिथं नव्हते तिथून, बरोबर मधल्या मोकळ्या जागेतून गाणं येत होतं. सम गाठायच्या आधी बाईंनी घेतलेला श्वास मला ऐकू आला. ती रेकॉर्ड मी दोन वर्षं ऐकत होते आणि तो श्वास मला माहीत नव्हता.

"हेच," मी म्हणाले.

"अगं, पण पुढेमागे मोठं घर झालं तर?" नवरा म्हणाला.

"पुढचं पुढे बघू," दादा म्हणाला. "आता कुठल्या खोलीत लावणार आहात ते सांगा. तुमच्या खोलीत ते मोठे धूड लावलेत तर नुसतं घुमत राहील सगळं."

परतीच्या एसटीत, वाईच्या पुढे आल्यावर नवरा म्हणाला, "छोटे तर छोटे. गाणं तुला कळतं."

दादा बोटीवर गेला. त्या श्रावणात माझा उजवा कान फुटला. सर्दीचं निमित्त झालं, मग ठणका लागला, मग कान वाहायला लागला. आमच्या डॉक्टरांनी थेंब दिले, गोळ्या दिल्या, आणि महिन्याभरात वाहणं थांबलं. पण त्या कानाला दडा बसल्यासारखं वाटायचं. वर्गात मुली एकसुरात गात असताना मी नकळत डावा कान पुढे करायची. गाणं शिकवणाऱ्या बाईचा कान गेला तर तिनं काय करायचं, हा विचार दिवसातून कितीदा तरी यायचा आणि मी तो ढकलून द्यायची. घरात कुणाला बोलले नाही. बोललं की ते खरं होईल, असं वाटायचं.

दिवाळीनंतर दादा स्पीकर घेऊन आला. थर्माकोलमधून ते बाहेर काढले तेव्हा नवऱ्याचासुद्धा चेहरा बदलला. अक्रोडी रंगाचं गुळगुळीत लाकूड, पुढे काळं कापड, आणि आकाराच्या मानानं चांगलेच जड. दादाला लगेच मुंबईला परतायचं होतं, त्यामुळे लावायचं काम आमच्यावरच पडलं.

माझे सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. उंब्रजजवळच्या गावी शेती बघायचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एक स्पीकर उचलून पाहिला.

"लय बारकी हायती रं," ते मुलाला म्हणाले. "पर वजन हाय. ठिवनार कुठं?"

नवरा म्हणाला कपाटावर. तिथं ठेवले तर कपाटाचं दार सुरात सूर मिसळायला लागलं. मग एक मशीनवर आणि एक खिडकीत ठेवून पाहिला. शेवटी दोन उंच स्टुलं करून घेतली, कॉट आडवी फिरवली, आणि मशीन कायमचं आत गेलं. शहाबादी फरशीवर स्टुलं डुगडुगत होती, तर मामंजींनी जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पायाखाली घातला आणि हातानं हलवून खात्री करून घेतली. एका स्पीकरची वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून न्यावी लागली. ती कमी पडली, म्हणून नवऱ्यानं मध्ये जोड दिला आणि वर काळी पट्टी गुंडाळली.

संध्याकाळी रेकॉर्ड लावली. मला मधोमध बसवलं. मी डोळे मिटले.

बाई समोर नव्हत्या. आवाज होता, सूर होते, पण गाणं कुठून येतंय तेच कळत नव्हतं. डोक्याच्या आजूबाजूला काहीतरी तरंगत होतं. डग्ग्याचा घुमारा गेला होता, नुसती टकटक उरली होती. मी मान थोडी वळवली तर सगळंच एकीकडून दुसरीकडे सरकलं.

"झ्याक," मामंजी म्हणाले. "बारकी हायती, पर आवाज सोच्छ हाय."

"छान आहे," नवरा म्हणाला. "आवडलं ना तुला?"

"हो," मी म्हणाले.

त्या दोघांना चांगलं ऐकू येत होतं, म्हणजे दोष माझ्यात होता. मधोमध ऐकू यायला दोन कान सारखे लागतात, एवढं मलाही कळत होतं. पाचगणीला मला दोन कान होते. आता एकच उरला होता. पुढचे काही दिवस, घरी कुणी नसताना, मी रेकॉर्ड लावून त्या दोन खोक्यांसमोर बसायची आणि बाईंना शोधायची. त्या काही सापडल्या नाहीत. मामंजी गावी गेले. नवरा आपणहून कधी रेकॉर्ड लावत नव्हता, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

मिरजेला माझा तंबोरा जवारी काढायला दिला होता. घोडीवर तार बसते तिथली जागा घासून नीट केली की सूर मोकळा होतो, ते काम. तंबोरा आणायच्या निमित्तानं मी मिरजेला गेले आणि आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले. म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आरशातून उजेड पाडून दोन्ही कान बराच वेळ पाहिले, उजव्यातून थोडं काहीतरी काढलं. मग चिमट्यासारखा एक लोखंडी काटा गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कपाळावर मधोमध टेकवला.

"कुठल्या बाजूला ऐकू येतंय?"

मी डोळे मिटले. नीट ऐकलं. "मध्ये," मी म्हणाले.

"नक्की?"

"मध्येच येतंय. पेटीवरच्या पांढरी एकचा सूर आहे, किंचित उतरलेला."

डॉक्टरांनी काटा खाली घेतला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "असं मला कुणी सांगत नाही," ते म्हणाले. "काय करता तुम्ही?"

"गाणं शिकवते."

"मग शिकवत राहा. पडदा फाटला होता, तो छान भरून आलाय. आत थोडा मळ साठला होता म्हणून दडा वाटत असेल. तो आता काढलाय. दोन्ही कान सारखे आहेत."

मला रडू आलं. डॉक्टर तोंड फिरवून हात धूत राहिले, बराच वेळ. बाहेर आले तेव्हा रस्त्यावरचा टांगा, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, कुणीतरी कानडीत मारलेली हाक, सगळं दोन्हीकडून ऐकू येत होतं. तंबोरा घेतला आणि सांगलीच्या बसमध्ये बसले. अर्ध्या वाटेत एकदम लक्षात आलं. माझा कान जर ठीक आहे, तर मला ऐकू येतंय तेच खरं. बिघाड स्पीकरमध्ये आहे. भावानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू बिघडलेली आहे, या विचारानं मला हसू येत होतं.

नवरा कामावरून आला तसं मी त्याला सगळं सांगितलं. कान, दडा, डॉक्टर, काटा, आणि शेवटी स्पीकर. तो बूट काढता काढता तसाच बसून राहिला.

"एवढे दिवस एकटीच घाबरत बसलीस?"

"तुम्ही छान आहे म्हणालात. मला वाटलं मलाच ऐकू येत नाही."

तो थोडा ओशाळला. "मला पहिल्या दिवसापासून आवाज पोकळ वाटत होता," तो म्हणाला. "पण मी मोठ्या स्पीकरसाठी हट्ट धरला होता. आता काही बोललो असतो तर तुला वाटलं असतं, बघ, मी सांगत होतो, असं म्हणतोय."

मग आम्ही दोघं खाली फरशीवर बसलो. त्यानं बटण फिरवून आधी नुसता डावा स्पीकर वाजवला. चांगला, भरलेला आवाज. मग नुसता उजवा. तोही तसाच. दोन्ही एकदम लावले की गाणं पुन्हा विरून गेलं.

"दोघं आपापल्या जागी ठीक आहेत," तो म्हणाला. "एकत्र आले की बिनसतंय."

तो उठला, आतलं स्टूल घेतलं आणि चौकटीवरचा जोड सोडवला. वायरीच्या दोन्ही तारा एकाच पिवळ्या रंगाच्या होत्या. पट्टीखाली इकडची तार तिकडे जोडली गेली होती. म्हणजे एक स्पीकर हवा पुढे लोटायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा, आणि दोघं मिळून एकमेकांचं खाऊन टाकायचे. त्यानं तारा बदलल्या, पट्टी गुंडाळली आणि स्टुलावरूनच म्हणाला, "लाव."

मी सुई ठेवली. तंबोरा मागे उभा राहिला. मग बाई आल्या, बरोबर मधे, समोरच्या रिकाम्या भिंतीपुढे. डग्ग्याचा घुमारा फरशीतून पायाला कळला. मी मान वळवली नाही, हलले नाही. समेच्या आधी त्यांनी श्वास घेतला, तो दोन्ही कानांनी ऐकला.

नवरा खाली उतरून माझ्या शेजारी येऊन बसला. मधोमधची जागा एकच होती, म्हणून आम्ही अगदी चिकटून बसलो.

"मोठे हवे होते का?" मी विचारलं.

"ठेवले कुठे असते?" तो म्हणाला.

रेकॉर्डची एक बाजू संपली, मग दुसरी ऐकली, मग पहिली पुन्हा. दिवेलागण झाली तरी मी स्टोव्ह पेटवला नव्हता. त्यानं कोपऱ्यावरून भडंग आणलं, वर कांदा चिरून घातला, आणि ते आम्ही खोलीच्या मधोमध, चटईवर बसून खाल्लं.