पारावर ठरलेली पुस्तकं

लग्न होऊन मी सांगलीहून कुंडलच्या पुढच्या एका गावात आले आणि तिथल्या वाचनालयाची ग्रंथपाल झाले. नवी पुस्तकं घेण्याआधी गावाला काय हवं ते विचारा, असं वरून कळवलं होतं. आमच्याकडे गावाला काही विचारायचं म्हणजे पारावर जायचं. संध्याकाळी मी डोक्यावरचा पदर सावरत गेले.

पारावर पहिला शब्द निवृत्त सुभेदारांचा. ते म्हणाले, "लढायांची आणा. पोरांच्या अंगात रग येईल." लगेच चहूकडून "व्हय, लढायांचीच" सुरू झालं. मी हळूच म्हटलं, "घरच्यांसाठी पाककृतींचं एखादं?"

"वाचनालय हाय का खानावळ?" सुभेदार म्हणाले आणि सगळा पार हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गावची सून पडले, राग गिळला.

लढायांनी कपाट भरलं. त्याला कुणी हात लावेना. व्हय म्हणणारे सगळे येत, पेपर वाचून घडी विस्कटून जात. मला कपाट पुसताना रोज तो हशा आठवायचा.

द्राक्षांचा हंगाम सरत आला तेव्हा सुभेदारांच्या बायकोचं मिरजेला हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांनी बरेच दिवस गॅसपाशी उभं राहायचं नव्हतं आणि मीठ-तेल बेताचं खायचं होतं. मुलगा फौजेत, सून त्याच्याबरोबर. एका दुपारी वाचनालयात कुणी नाही असं बघून सुभेदार आत आले. लढायांच्या कपाटासमोर पाठीमागे हात बांधून उभे राहिले.

"म्याडम, ते… सैपाकाचं कायतरी हाय का?"

मी मनापासून सुखावले. "खानावळ नाही ना ही," मी म्हटलं.

ते खाली बसले. "तिला सांगितलंय, फौजेत मी लंगर, म्हंजे जवानांचा भटारखाना, सांभाळलाय. मला येत न्हाई म्हणून कळलं तर उठंल आन् गॅसपाशी जाईल. डॉक्टर म्हणालं, तसं करायचं न्हाई."

माझी सगळी ऐट उतरली. "मोबाइलवर बघा की," मी म्हटलं.

"त्यातली बाई लय बडबडती. घरभर ऐकू जातं."

आईनं लग्नात दिलेलं, हळदीचे डाग पडलेलं माझं पुस्तक मी दुसऱ्या दिवशी आणलं. घरी नेलं तर बायकोला दिसेल, म्हणून सुभेदार रोज इथंच वाचू लागले. पेपर तोंडासमोर, आत दुधीची भाजी. लोक म्हणत, सुभेदार हल्ली अग्रलेख फार बारकाईनं वाचतात. मधेच ते मान वर न करता विचारत, "फोडणी तडतडली म्हंजे किती?" मी पुस्तकं लावता लावता सांगायची. मला तो माणूस आवडू लागला होता.

पावसाळ्याच्या सुमारास एका सकाळी त्यांची बायको वाचनालयात आली, भिंतीला धरत, सावकाश. मी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आमचं मालक हितं सैपाक शिकत्यात न्हवं?" त्या म्हणाल्या.

मी हळदीच्या डागांचं पुस्तक पेपरखाली सरकवलं.

"लंगर सांभाळला म्हणं. पयल्या दिवशीची भाजी खाल्ली तवाच कळलं. आन् मग रोज हितनं आलं की नवी भाजी." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "त्यांनी आणाय लावलेली लढाईची पुस्तकं कुठं हायत? त्यातलं एक द्या."

"तुम्ही वाचणार?"

"त्यांचा सैपाक हुईस्तवर काय करू? जलमभर ते लढाईचं सांगत आलं आन् माझं ध्यान तव्यावर. आता वाचती."

पारावर यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी कपाटातलं सगळ्यात मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढून दिलं. पिशवीत ठेवून, वर कोथिंबिरीची जुडी टाकून त्या उठल्या. दाराशी थांबल्या.

"डॉक्टर म्हणालं, आता गॅसपाशी उभं ऱ्हायला हरकत न्हाई. पर ह्यांना सांगू नगा. आमटी आत्ता कुठं जमाय लागलीया."