बिब्ब्याची रेघ

"भिंत विसरत न्हाई," हे नेत्राचं ठरलेलं वाक्य. धारवाडच्या वसतिगृहात कुणी तिचा साबण उचलला तरी ती हेच म्हणायची, आणि मास्तरांनी चित्राला कमी गुण दिले तरी हेच. खोलीतली पल्लवी चेष्टा करायची, "भिंत विसरत नाही, तर तू तरी विसर गं बाई." नेत्रा हसायची नाही. तिला विसरायचंच नव्हतं.

कुंभारवाडा गावाकडच्या एका वाडीत तिचं घर. चार घरं, मधे भाताची खाचरं, भोवती रान. तिची आई केशर दरवर्षी दिवाळीआधी भिंत तांबड्या मातीनं सारवायची आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बोट बुडवून चित्रं काढायची. नांगर, मोर, भात झोडणाऱ्या बाया, फणसावर चढलेलं माकड. रेघ एकदा निघाली की मागं फिरायची नाही. बाया म्हणायच्या, केशरच्या भिंतीवरचा कोंबडा पहाटे आरवतो.

तीन वर्षांमागं शिवानंद सावकारानं बाजारकुणंगच्या वाटेवर पाहुण्यांसाठी घरं बांधली. रामनगरचा व्यापारी, मूळ खानापूरकडचा. जीभ गोड, पोट पुढं, एका हातात तीन अंगठ्या. जेवणघराची लांब मातीची भिंत त्यानं केशरकडून रंगवून घेतली. अकरा दिवस ती उकिडवी बसून राबली. मग कुळगीच्या जंगलात वाघ न दिसलेले पाहुणे इकडं यायचे आणि निदान भिंत बघून खूश व्हायचे. सावकार त्यांना सांगायचा, "हे सगळं आमच्या सुप्रियानं काढलंय." त्याची बायको सुप्रिया कधी मान हलवायची, कधी आत निघून जायची.

एकदा केशर लेकीला भिंत दाखवायला घेऊन गेली. एका पाहुण्यानं विचारलं, "या कोण?"

"ही व्हय?" सावकार म्हणाला. "भांडी घासायला येते."

त्या दिवाळीला केशरनं घरची भिंत सारवली आणि कोरीच ठेवली. पुढच्या दिवाळीलाही. सावकाराच्या शब्दापेक्षा ती कोरी भिंत नेत्राला जास्त टोचली. त्या माणसानं पाहुण्यांसमोर एकदा आईचं नाव घ्यायला हवं, एवढंच तिला पाहिजे होतं. आणि घेताना त्याची जीभ भाजायला हवी होती.

धारवाडला ती चित्रकला शिकायला गेली ती हे पोटात घेऊनच. दुसऱ्या वर्षी तिथं गुरुदास नावाच्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं. माणूस गोव्याकडचा, राहायला बंगळुरूत, आणि शहराशिवाय दुसरं काही काढत नसे. नेत्राला वाटलं होतं उंच इमारती असतील, दिवे असतील. निघाल्या नुसत्या भिंती. पुलाखालच्या, बसस्थानकामागच्या, पिंका पडलेल्या, वरून कुणीतरी घाईनं चुना मारलेल्या. एका चित्रापुढं ती दुपारभर उभी राहिली. पिवळी लांब भिंत होती. तिच्या पिवळ्यातून एक नाव वर येत होतं, काळपट, हट्टी. पाडलेल्या दुकानातल्या कुणा शिंप्याचं ते नाव.

चित्रकार शेजारी चहा पीत होता. तिनं विचारलं, "सर, नाव आधी लिहिलं की नंतर?"

"आधी. चांगलं ठळक लिहिलं, मग त्याच्यावर रंग मारला."

"मग ते वर कसं आलं?"

"डांबरात लिहिलंय ते. डांबर दबत नाही. मी फक्त थांबलो." तो हसला. "शहरात माणसाला पुसतात ना, तेव्हा घाई करतात. खरवडत नाहीत, नुसतं झाकतात. त्यावर माझं पोट चालतं."

रात्री पल्लवी चित्रांबद्दल विचारत राहिली. नेत्रा म्हणाली, "आमच्याकडं डांबर कशाला पाहिजे? आमच्याकडं बिब्बा हाय."

बिब्बा म्हणजे रानातलं काळं फळ. त्याच्या तेलानं परीट कापडावर खूण करतो. कापड फाटतं, खूण जात नाही. आणि बिब्ब्याला चुना लागला की तो कायमचा काळा होतो, हे रानातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

सुट्टीत ती घरी आली तेव्हा सावकाराचा निरोप येऊनच पडला होता: भिंतीचे पोपडे निघालेत, केशरनं येऊन परत काढावं. केशरनं मान फिरवली. नेत्रा म्हणाली, "मी जाते."

सावकार खूश झाला. "तू शिकलेली हाईस. आईपरास बरं काढशील."

तिनं दार ओढून घेतलं आणि काम केलं. तापलेली सुई बिब्ब्यात खुपसून तेल काढलं, काडीला कापूस गुंडाळला, भिंतीवर एक मोठं चित्र काढलं. त्याच्यावर तांबड्या मातीचा हात दिला आणि वर पिठानं मोर, नांगर, बाया. तळहातांना तिनं खोबरेल चोपडलं होतं, मनगटं मात्र विसरली. तिसऱ्या दिवशी दोन्ही मनगटं उतली, फोड आले. केशरनं फोड पाहिले, वास घेतला, लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि खोबरेलाची वाटी पुढं सरकवली.

पंधरवड्यात भिंतीवर तपकिरी डाग उमटले. सावकाराला वाटलं ओल आली. त्यानं परशूला बोलावलं. परशू गावातला चुना मारणारा, म्हातारा, कमी बोलणारा. भिंतीशी नाक नेऊन त्यानं हुंगलं, मग बसला आणि कोपरापर्यंत सावकाश तेल लावून घेतलं.

"तेल कशाला रं?" सावकारानं विचारलं.

"हात कोरडं पडत्यात, सावकार."

"चांगला दोन हात चुना मार."

"तीन मारतो की," परशू म्हणाला.

चुना वाळला आणि पांढऱ्या भिंतीवर चित्र काळंकुट्ट उठलं. पोट सुटलेला एक माणूस उकिडवा बसून भांडी घासतोय, समोर पातेल्यांचा ढीग, बोटांत तीन अंगठ्या. पाहुणे पोट धरून हसले, फोटो काढून घेतले. एकानं तर जेवल्यावर ताट उचलून विचारलं, "सावकार, हेही घासणार का?"

दुसऱ्या दिवशी सावकाराची गाडी केशरच्या अंगणात आली. "केशरबाई, पोरीला समजवा! मला भांडी घासायला बसवलंय तिनं!"

केशरला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला.

नेत्रा म्हणाली, "भांडी घासणं कमीपणाचं हाय का, सावकार? तुमीच तर ते काम वाटत होता."

"चुकलो म्हणतो. घे. पुसून टाक."

"हितं न्हाई. तिथं. पाहुण्यांपुढं पानं मांडल्यावर म्हणा."

"मग पुसशील?"

"आधी म्हणा तर."

रविवारी पंचवीस पानं मांडली होती. मायलेकी दाराशी उभ्या होत्या. सावकारानं घसा खाकरला. "ह्या भिंतीवर आधी जी चित्रं होती, ती..." तो थांबला. परशू कोपऱ्यातून म्हणाला, "मोठ्यानं, सावकार, मागं ऐकू येत न्हाई." सावकाराच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "ती केशर वेळीप ह्यांनी काढली होती. माझ्या बायकोनं न्हाई. मी खोटं सांगत होतो." कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मान वळवून केशरकडं पाहिलं. नेत्रानं तो क्षण जिभेवर गुळाच्या खड्यासारखा धरून ठेवला, लवकर विरघळू दिला नाही.

"आता पूस," सावकार दातांतून म्हणाला.

"बिब्बा पुसत न्हाई. भिंत पाडा नाहीतर जन्मभर बघत बसा."

"तू तर म्हणालीस..."

"मी काय म्हणाले? तुमी म्हणा, एवढंच म्हणाले."

मग ती आईकडं वळली. बक्षीस मागणाऱ्या पोरासारखा तिचा चेहरा झाला होता. केशर भिंतीजवळ जाऊन चित्रातल्या पातेल्यांकडं बघत होती. "पोटाची रेघ दोनदा फिरवलीस," ती हळू म्हणाली. "राग हातात उतरला की असं होतं. माझं नाव झालं, बरं झालं. पर मला नाव नको होतं गं, माझ्या चित्रांची भिंत पाहिजे होती."

नेत्राच्या तोंडातला गूळ तिथंच विरला. तिनं पिशवी खांद्यावर टाकली आणि फोडांच्या खपल्या खाजवत फाटकाबाहेर पडली. धारवाडच्या गाडीला अजून तास होता, तरी ती थांबली नाही, मागं वळली नाही. सावकार परशूच्या चुन्याच्या बादलीशी उभा राहून तिच्या पाठीकडं बघत होता. केशर अजून भिंतीपाशीच होती. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सुप्रिया, तीन वर्षं दुसऱ्याची चित्रं आपल्या नावावर वागवलेली, पिठाचे हात तसेच धरून, वळणावर नेत्रा दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.