शेजाऱ्याला नाव नव्हतं

लाचेझार आमच्या रुसे गावच्या नाटकघरात आयुष्यभर डॉक्टर, पोस्टमन आणि नवरीचा बाप होत आला. त्याचे सगळे कपडे मीच शिवलेले. साठीला टेकला तेव्हा त्याला टीव्हीवर खबऱ्याची भूमिका मिळाली. मालिका जुन्या कम्युनिस्ट राजवटीतली. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यातला स्तानिमिर आसपासच्या लोकांच्या चहाड्या वर, गुप्त पोलिसांकडे पोचवतो, आणि एका पहाटे शेजाऱ्याला गाडीत घालून नेतात. तो परत येत नाही. चित्रीकरण आमच्याच गावात होतं, म्हणून कपडेपटाचं काम माझ्याकडे आलं.

लोकांनी लाचेझारला सळो की पळो करून सोडलं. पाववाली मुद्दाम करपलेला पाव त्याच्या हातात ठेवायची. बसमध्ये एक म्हातारी म्हणाली, "ऊठ मेल्या, तुझ्याशेजारी नाही बसायचं मला." हा उठला, आणि खुशीत धावत येऊन मला म्हणाला, "पेत्राना, टाळ्या खूप मिळाल्या गं, पण अशी शिवी जन्मात नव्हती मिळाली!"

मग मालिकेची लेखिका व्यारा हिनं स्तानिमिरचं बालपण लिहिलं. पट्ट्यानं झोडपणारा बाप, उपाशी पोर, गोठ्यात काढलेली थंडी. तो भाग लागला आणि दुसऱ्या दिवसापासून वारं फिरलं. पाववाली ताजी चीजपोळी कागदात बांधून द्यायला लागली. बायका रस्त्यात त्याचे गाल धरून म्हणायच्या, "किती सोसलंस रे बाळा!" लाचेझारला आधी गंमत वाटली. नंतर तो कपडे घालून बघताना स्थिर उभा राहीना. मी तोंडात टाचण्या धरून ओरडायची, "अरे, टोचेल ना! काय चाललंय पायांत तुझ्या?"

"काही नाही गं. त्यांनी मला माफ केलं. पण मी तर काही बदललेलोच नाही."

आणि एक दिवस नाटकघरात गेनचो आला. आमच्या गावात गेनचो कोण हे लहान पोरालाही ठाऊक होतं. तो खराच खबऱ्या होता. त्यानं मेतोदी नावाच्या शिक्षकाचं नाव वर पोचवलं होतं. मेतोदी तुरुंगातून परत आला नाही. आता गेनचो वाकलेला, काठी टेकत चालणारा. त्यानं लाचेझारच्या गळ्यात हात टाकले आणि हमसून रडला.

"तुम्ही माझंच सांगितलंत, साहेब. माझा बापही असाच होता. सुनेला तो भाग दाखवला, तेव्हापासून ती माझ्याशी बोलते." मग डोळे पुसून म्हणाला, "एक काम करा. माझ्याबरोबर नेदेल्याकडे चला. मेतोदीची बायको. मला ती दारात उभं करत नाही. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, "लाचेझार, या भानगडीत पडू नकोस." पण त्याला नाही म्हणता येईना. एकट्याचा धीर नव्हता, म्हणून मलाही ओढलं.

नेदेल्यानं दार उघडलं. गेनचोला पाहून तिचा चेहरा हललासुद्धा नाही. "या," म्हणाली. कॉफी ठेवली, बशीत चेरीचा मुरंबा ठेवला. लाचेझारनं सुरुवात केली. आवाज तोच, टीव्हीवरचा, मऊ. माणूस जन्मतः वाईट नसतो, बालपणीच्या जखमा वगैरे. तिनं ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "अहो, हे मला सांगताय? आमची घरं एका भिंतीची. त्याच्या बापाचा पट्टा मी बघितलाय. माझी आई याच्या पाठीला तेल चोळायची, मी माझ्यातला अर्धा पाव याला द्यायची. कीव येते मला याची, आजही येते. म्हणून काय झालं? याच्या दोन्ही बहिणी त्याच घरात वाढल्या, त्यांनी कोणाला नाही पकडून दिलं."

गेनचोनं मुरंब्याची बशी दूर सरकवली.

"तुमची मालिका बघते मी," ती लाचेझारला म्हणाली. "त्या पट्ट्याच्या भागाला रडलेही. मला एक सांगा, ज्याला नेलं त्या शेजाऱ्याचं नाव काय?"

लाचेझारनं आठवून पाहिलं. मी पण आठवू लागले. त्या माणसाचा कोट मी उसवून पुन्हा शिवला होता, आत चिठ्ठी लावली होती: 'शेजारी'. एवढंच.

"माझ्या मेतोदीला सोंगट्यांच्या खेळात लबाडी करायची सवय होती," नेदेल्या म्हणाली. "फासा पडला की हळूच बोटानं ढकलायचा. असलं काहीतरी तुमच्या त्या शेजाऱ्याचंही असेल की." मग तिनं कप उचलले. आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी लाचेझार व्यारापुढे जाऊन उभा राहिला. "शेजाऱ्याला नाव दे. त्याचंही थोडं लिही."

व्यारा चिडली नाही. "बालपण दाखवलं म्हणजे माफ केलं, असं मी कुठे म्हटलंय? हा माणूस कसा घडला हे लोकांना कळायला नको? उद्या कुठल्या गोठ्यात असंच पोर कुडकुडत असेल."

"तेही खरंच आहे," लाचेझार म्हणाला. हीच त्याची पंचाईत होती, त्याला दोन्ही पटत होतं. "पण ते पोर दाखवताना मेलेला माणूस दिसेनासा झाला, व्यारा."

"शेवटचे भाग लिहून झालेत, दादा. लोक तुझ्यासाठी बघतात."

शेवटच्या प्रसंगात म्हातारा स्तानिमिर नदीकाठच्या बाकावर बसून रडतो. लाचेझारला रडू आलंच नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. शेवटी दिग्दर्शकानं डोळ्यांत थेंब घालायला लावले. तो भाग लागला तेव्हा सगळं गाव रडलं. मीही रडले, ती थेंबांची बाटली माझ्याच ऍप्रनच्या खिशात होती तरी.

त्यानंतर गेनचो घरच्या द्राक्षाच्या दारूची बाटली घेऊन नाटकघरात आला. "नेदेल्याकडे पुन्हा जाऊया?"

लाचेझार येरझाऱ्या घालत होता, तो थांबला. "जा ना. पण बापाचं सांगू नकोस, ते तिला पाठ आहे. तू काय केलंस ते सांग. मेतोदीचं नाव घेतलंस तेव्हा कुठे बसला होतास? समोर कोण होतं? काय बोललास?"

गेनचोचे ओठ हलले. "पट्टा पडायचा तेव्हा मी..."

"ते नाही, गेनचो."

त्यानं काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "ते नाही सांगता यायचं," म्हणाला, टोपी घातली आणि गेला. बाटली तशीच राहिली. तो नेदेल्याकडे गेला नाही, आमच्याकडेही परत आला नाही.

"पेत्राना, खरं सांग, फार कठोर झालो का मी?" लाचेझारनं विचारलं.

मी बाहीची शिवण घालत होते. म्हटलं, "नाही रे."

त्यानं मान हलवली, खिडकीपाशी गेला, परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट चढवताना त्यानं मला पुन्हा तेच विचारलं.