वायफायच्या पानावरचा चौथा रकाना

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — आणि माझं तोंड किती चालतं, ते अमरावतीतल्या माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा. बायकोला सांगितली नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलून निघून येतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

माझं दुकान कॅमेरे आणि वायफाय बसवून देण्याचं. बस स्टँडबाहेर मोबाईलची कव्हरं विकत विकत इथवर आलो, कुणाचं बोट न धरता. म्हणजे — असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर एका बाईचं बोट होतं. तिच्याकडे येतोच.

माझ्याच हाताखाली वायर ओढायला शिकलेल्या एकाने अकोल्याला दुकान टाकलं आणि माझी गिऱ्हाइकं निम्म्या दरात उचलायला लागला. तो राग अजून गेलेला नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. पण फुलबाजारातल्या एका अडत्याने मला बोलावलं, तेव्हा डोक्यात तोच होता.

अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल बोली लावून विकून देणारा. नावाला शेतकऱ्याचा माणूस. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलला रेंज नव्हती. लोक नागपूरचा भाव पाहायला बाहेर जायचे आणि तिथूनच दुसऱ्या अडत्याकडे वळायचे. म्हणून त्याला फुकटचं वायफाय हवं होतं. तुम्ही लॉजमध्ये पाहिलं असेल — वायफायला जोडलं की आधी एक पान उघडतं. नाव-नंबर भरा, मग इंटरनेट सुरू. तसलं. अवघड काम नाही. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढायचं, पान बनवायचं, आणि पान भरल्याशिवाय राउटरने कुणाला पुढे सोडायचं नाही.

मी दर सांगितला. तो हसला. "अकोलेवाला अर्ध्यात करून देऊन राहिला ना, गजूभाऊ."

माझी कानशिलं तापली. उठून जायला हवं होतं — पण सौदा हरून उठणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणालो, त्याचं पान नाव विचारेल. माझं पान भाव विचारेल.

समजलं का तुम्हाला? त्याला लगेच समजलं. नाव, गाव, नंबर आणि चौथा रकाना — 'किमान अपेक्षित भाव'. तो भरल्याशिवाय इंटरनेट नाही. शेतकऱ्याला नागपूरचा भाव पाहायचा असेल, तर आधी स्वतःच्या पोटातला सांगायचा. तो अडत्याच्या मोबाईलवर दिसणार, आणि बोली लावणाऱ्यांत अडत्याचा भाचा असायचाच. माझ्या दरातला त्याने रुपया कमी केला नाही. त्याच्याकडचा चहा पिऊन मी खुशीत बाहेर पडलो. तो चहा अजून घशाशी येतो.

आता ती बाई. शांताकाकू. भातकुलीकडे आमच्या घराला लागून तिचा झेंडूचा मळा. शाळेत असताना सुट्टीत मी तिच्याबरोबर फुलं विकायला बसायचो. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी घाबरून खरा भाव सांगून टाकायचो, आणि ती माझ्या मांडीला चिमटा काढायची. "भाव पोटात ठेवावा, लेका. ओठावर आला का मेला." माझा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

काका गेल्यावर मळा ती एकटीच पाहायची. मुलगा पुण्याला, विक आणि ये, म्हणून मागे लागलेला. दसऱ्याच्या तोंडावर रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, यंदा भाव चांगला आला तर त्याला ठणकावून सांगते, मी इथंच राहणार. नाही आला तर जाते बापा; पण तिथं वरच्या मजल्यावर बसून मी काय करू, ते मले सांग. — हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा. माहीत होतं.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी शेडमध्ये होतो, राउटर गर्दी पेलतो का ते पाहायला. पायाखाली झेंडूचा चिखल. काकू पोत्यावर बसून मोबाईलवर एका बोटाने टाइप करत होती. चौथ्या रकान्याशी सगळे अडखळत होते. तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "हे काहून विचारून राहिले बाप्पा? मी तं खोटाच टाकतो."

बरोबर होतं त्याचं. कुणीही शहाणा तेच करेल. आणि काकूने — भाव पोटात ठेवायला शिकवणाऱ्या काकूने — पानाच्या तळाशी बोट ठेवून त्याला दाखवलं. तिथे माझ्या दुकानाचं नाव होतं. मीच घातलेलं, जाहिरात म्हणून. "आपल्या गजूचं हाय हे. खोटं कायले लिहितं? खरं टाक."

आणि तिने खरं टाकलं. तपासणीसाठी माझ्या मोबाईलवर उघडून ठेवलेल्या यादीत तिचा आकडा येऊन पडला. जन्मात कुणाला न सांगितलेला.

काय करायला हवं होतं मी? जाऊन तिला एक चिमटा काढला असता तरी पुरलं असतं. मी मोबाईल खिशात घातला आणि राउटरची वायर ओढून पाहिली. वायर घट्ट होती.

बोली लागली. भाच्याने ती काकूच्या आकड्यापर्यंत नेली आणि थांबला. बाकीचे व्यापारी त्याच्याच पंगतीतले. त्यांनीही तोंडं मिटली. काकू थोडा वेळ वाट पाहत राहिली, कुणी बोलतंय का म्हणून. मग माझ्याकडे वळली. "पाय रे गजू, मनात धरला तेवढाच निंगाला. त्याच्यावर काडीभर नाई." आणि हसली. मीही हसलो. — हो, हसलो.

दिवाळीनंतर मळा विकला गेला. काकू पुण्याला गेली.

त्या अडत्याची मला किळस येते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. सोपं होतं ते. पण त्याला तो रकाना सुचला नव्हता. वापरलेला झेंडू पाण्यात कुजला की जो वास सुटतो, तो मला बाजारात येत नाही आता — दुकानात, एकटा बसलो की येतो.

काकू अजून फोन करते. धंदा कसा हाय, विचारते. चांगला आहे, म्हणतो. खोटं नाही ते. एका अडत्याचं पाहून दुसऱ्याने तसंच पान मागितलं. मग मोर्शीकडून मागणी आली, परतवाड्याकडून आली, आणि शेवटी अकोल्यातही मी त्या अकोलेवाल्याची गिऱ्हाइकं तोडली. सगळ्या पानांवर चौथा रकाना आहे. आजही आहे.

बदल मी एकच केला, त्याच दसऱ्याला. पानाच्या तळाशी माझ्या दुकानाचं नाव होतं — तेवढं काढून टाकलं.