कलोडियनखालची जखम
बोट त्या बाईचं गेलं, चूक माझी होती. ईथरचा वास आला की अकोल्याचा दवाखाना आठवतो. कापसाची तेजी होती. सरकी काढायच्या रेच्यात तिचं बोट चेंगरलं. मी त्या दवाखान्यात कंपाउंडर. रांग मोठी म्हणून जखम न धुताच वर कलोडियन फासलं. कापसापासून ईथरमध्ये केलेलं ते औषध वाळून कातडीसारखं घट्ट बसलं. तिसऱ्या दिवशी ती आली, "आत ठणकून राहिलं, हे काढा." मी खेकसलो, "सायबाची दवा हाय, तुले काय समजते?" "मंग तुमच्याच बोटाले लावा," ती म्हणाली. आत पू कोंडला होता. डॉक्टरसाहेबांनी बोट कापलं, तेव्हा पापुद्रा तिनेच उचकटला म्हणून जखम चिघळली, असं मी त्यांना सांगितलं. बऱ्याच वर्षांनी अकोटला तिच्या दारात जाऊन म्हणालो, "बाई, दवा चांगली होती. जखम मी धुतली नव्हती, वर खोटं बोललो. मले माफ करा."